एन्क्रिप्शन टूलने एरर नेमका सांगावा की मोघमच ठेवावा?

रात्रपाळी:
फाइल एन्क्रिप्ट करायचं एक छोटं ओपन सोर्स टूल मी मेंटेन करतो. तक्रार ठरलेली, "पासवर्ड बरोबर आहे तरी फाइल उघडत नाही". आणि पासवर्ड चुकला, फाइल अर्धवट कॉपी झाली, नव्या व्हर्जनची फाइल जुन्याने उघडली, काहीही झालं तरी आमचं टूल म्हणतं "डिक्रिप्शन फेल". परवा एका माणसाशी चार दिवस प्रश्नोत्तरं चालली, शेवटी कळलं की फाइल एफटीपीच्या (फाइल पाठवायची जुनी पद्धत) टेक्स्ट मोडमध्ये गेल्यामुळे लाइन एंडिंग (ओळ संपल्याच्या खुणा) बदलले होते, म्हणजे फाइलच बिघडलेली आणि तो बिचारा चार दिवस आठवतील ते पासवर्ड टाकत बसलेला. माझं ठाम मत आहे की कारण नीट सांगायला हवं.

कळफलक:
पूर्ण विरोध. १९९८ मध्ये ब्लाइखेनबाखर या संशोधकाने असे एरर किती धोक्याचे हेच दाखवलं होतं. सर्व्हर नुसतं "पॅडिंग चुकलं" (पॅडिंग म्हणजे लांबी जुळवायला भरलेले जादा बाइट्स) एवढं वेगळं सांगत असेल तर लाखो वेळा विचारून विचारून एन्क्रिप्टेड मजकूर बाहेर काढता येतो, प्रायव्हेट की, म्हणजे तो उलगडायची गुप्त किल्ली, हातात नसताना. २००२ मध्ये सीबीसी मोडवर (तुकड्यातुकड्याने एन्क्रिप्ट करायची एक पद्धत) तसाच हल्ला आला. २०१३ च्या लकी थर्टीन हल्ल्यात तर एरर सारखाच होता, फक्त उत्तराला लागणारा वेळ किंचित कमीजास्त, तेवढंही पुरलं. आणि १९९८ चीच चूक २०१७ मध्ये रोबोट नावाने पुन्हा मोठमोठ्या साइट्सवर सापडली. मोघम एररमागे एवढा इतिहास आहे, त्याला आळस समजू नका.

रात्रपाळी:
मान्य, पण ते सगळं सर्व्हरचं. माझं टूल माणूस स्वतःच्या टर्मिनलवर चालवतो, एरर त्यालाच दिसतो. हल्ला करणारा प्रश्न विचारणार कुणाला?

कळफलक:
कुणीतरी तुमचं टूल स्क्रिप्टमध्ये घालून अपलोड झालेल्या फाइल्स आपोआप उघडत असेल, तुम्हाला कळणारही नाही. त्या दिवशी ते सर्व्हरच झालं की.

नवखा_कोडर:
मग सविस्तर एरर दाखवणारा डीबग फ्लॅग द्या ना, ज्याला हवं तो चालू करेल.

कळफलक:
आणि तोच लॉग जसाच्या तसा पब्लिक इश्यूमध्ये (सगळ्यांना दिसणाऱ्या तक्रारीत) पेस्ट करेल. एकाने पासफ्रेजसकट टाकलेला मी स्वतः पाहिलाय.

जुनी_डिस्क:
दोघेही धरून चाललाय की टूलला कारण माहीत असतं. लक्सचं, म्हणजे लिनक्समधल्या डिस्क एन्क्रिप्शनचं बघा. बरोबर पासफ्रेज टाकूनही "या पासफ्रेजला चालणारी की उपलब्ध नाही" असं येतं. एकदा माझ्याकडे बूटच्या वेळी कीबोर्ड लेआउट वेगळा होता म्हणून झालं, ते सुटलं. दुसऱ्यांदा कीस्लॉटचा (पासफ्रेजने बंद केलेली की ठेवायची डिस्कवरची जागा) भागच खराब झाला होता, मेसेज मात्र अक्षरशः तोच. कारण कीस्लॉटमधल्या डेटाला चेकसमच (डेटा बदलला का ते ओळखायचा आकडा) नाही आणि की मुद्दाम ४००० तुकड्यांत पसरून ठेवलेली असते, म्हणजे एक बिट बदलला तरी निघते ती चुकीचीच की. डिस्कचा सेक्टर गेला का टाइप करताना बोट चुकलं, प्रोग्रामला कळायला मार्गच नाही. हे पसरणं चांगल्या कारणासाठी आहे, स्लॉट पुसला की थोडा भाग मागे राहिला तरी की परत मिळू नये. पण म्हणूनच हेडरचा (ज्यात हे कीस्लॉट असतात त्या सुरुवातीच्या भागाचा) बॅकअप आधीच घ्या, लक्स२ मध्ये तो साधारण १६ एमबीचा असतो. माझ्याकडे नव्हता, सगळा डेटा गेला.

रात्रपाळी:
हे वाचून माझा मुद्दा जास्त स्पष्ट झाला. की हातात घ्यायच्या आधीच्या तपासण्या, म्हणजे व्हर्जन, लांबी, एन्क्रिप्टेड बाइट्सचा साधा चेकसम, यांचे एरर खुशाल सविस्तर द्यावेत, ज्याच्याकडे फाइल आहे तो हे स्वतःही काढू शकतो, त्यात गुपित काय? की वापरल्यानंतर मात्र एकच मेसेज, एकच एक्झिट कोड (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा). माझा एफटीपीवाला माणूस पहिल्या मिनिटाला सुटला असता.

कळफलक:
एवढ्यापुरतं मान्य. पण एक अट, तपासणी फेल झाली तर अर्धामुर्धा मजकूर बाहेर देऊ नका. एन्क्रिप्टेड ईमेलवरचा २०१८ चा ईफेल हल्ला आठवा, बदल ओळखायची खूण नसेल तर जीएनयूपीजी हे एन्क्रिप्शन टूल वॉर्निंग द्यायचं पण मजकूरही द्यायचं, आणि काही मेल प्रोग्राम वॉर्निंग न बघता तो दाखवायचे. जीएनयूपीजीच्या २.२.८ व्हर्जनमध्ये शेवटी त्याचा सरळ एरर केला.

जुनी_डिस्क:
आणि माझ्यासारख्याची फाइल मधेच खराब झाली, बाकीची चांगली आहे, तर? माझा डेटा मला मिळायलाच हवा.

कळफलक:
त्यासाठी वेगळी रिकव्हरी कमांड ठेवा, नेहमीच्या कमांडमध्ये नको.

रात्रपाळी:
चेकसमचा पॅच आज टाकतो. रिकव्हरीचा इश्यू उघडा ठेवतोय, तिथे बोलू.