सुके काळे मशरूम रात्रभर ओट्यावर नकोत

ताई, कोशिंबिरीसाठी वुड इअर (हेच सुके काळे मशरूम) छोल्यांसारखे रात्रभर भिजवून सकाळी न उकळता वापरता, असं तुम्ही वर लिहिलंय. तेवढं मात्र करू नका. आपल्या ठाण्याच्या दमट हवेत ओट्यावरच्या भांड्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. त्यातला एक बाँगक्रेकिक अॅसिड नावाचं विष तयार करतो. ते उकळूनही जात नाही आणि त्याला वास-चवही नसते, त्यामुळे 'चाखून बघू' इथे कामाचं नाही. चीनमध्ये फार वेळ भिजवलेल्या अशा मशरूममुळे माणसं दगावली आहेत.

कोमट पाण्यात अर्धा तास पुरतो. भिजून ते खूप फुगतात, मूठभर घेतले तर पातेलं भरतं, म्हणून लागतील तेवढेच घ्या. देठाकडचा कडक, वाळू धरलेला भाग कापून टाका. मग खळखळत्या पाण्यात चार-पाच मिनिटं उकळा. अमेरिकेत 2020 मध्ये सुक्या वुड इअरमधून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू पसरला होता, तो उकळल्याने मरतो. गार करायला बर्फ आणि पाणी दोन्ही पिण्याचंच हवं. इमारतीच्या टाकीचं पाणी नळाखाली धरलंत तर उकळलेलं वाया. उरलेले फ्रिजमध्ये, दुसऱ्या दिवशी संपवा. बुळबुळीत लागले तर सरळ कचऱ्यात.