पेशींमधली स्पर्धा ही शरीराने केलेली तपासणी आहे का?

रानजाई
वाढत्या ऊतीत कमजोर पेशी शेजारच्या सशक्त पेशींमुळे मरतात, म्हणून शरीर स्वतःची गुणवत्ता तपासतं, असं सर्रास सांगितलं जातं. मला ते पटत नाही.

१९७५ मध्ये हिनेस मोराता आणि पेद्रो रिपोल या शास्त्रज्ञांनी पेशींमधली ही स्पर्धा फळमाशीत दाखवली. ‘मिनिट’ माशीत रायबोसोमच्या (पेशीत प्रथिनं बनवणाऱ्या यंत्राच्या) एका प्रथिनाच्या जनुकाची एकच प्रत चालू असते. अळी सावकाश वाढते, माशीच्या अंगावरचे राठ केस आखूड आणि बारीक राहतात, पण माशी जगते, पंखही येतात. मात्र अळीच्या ज्या चकतीतून पंख घडतो, तिथे शेजारी साध्या पेशी असल्या की मिनिट पेशी मरतात. अख्खा पंख घडवू शकणारी पेशी केवळ शेजार बदलला म्हणून नालायक कशी ठरते? बरं, पंखाच्या पुढच्या-मागच्या भागांमधली सीमारेषा मध्ये आली, तर पलीकडची मिनिट पेशी वाचतेसुद्धा!

२००४ मध्ये तर दोन गटांनी दाखवलं की ‘मिक’ प्रथिन जास्त बनवणाऱ्या पेशी शेजारच्या चांगल्या निरोगी पेशींना मारतात. कित्येक कर्करोगांत हेच मिक वाढलेलं असतं.

डोंगरवाट
रानजाई, रायबोसोममध्ये ऐंशीच्या आसपास प्रथिनं असतात आणि त्यांची जनुकं वेगवेगळ्या गुणसूत्रांवर विखुरलेली आहेत. गुणसूत्राचा मोठा तुकडा गळाला, तर त्यातलं एखादं जनुक बहुधा जातंच. मग ती पेशी मिनिटसारखीच होते आणि शेजारी तिला काढून टाकतात. निकोलस बेकर यांच्या गटाने २०२१ मध्ये फळमाशीत नेमकं हेच दाखवलं. उंदराच्या गर्भातही हरणाऱ्या पेशींच्या मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे ऊर्जा पुरवणाऱ्या भागात, दोष सापडले आहेत. अवयव घडण्याआधीच सदोष पेशी निघून जातात. तपासणीकडून आणखी काय हवं?

सांजवारा
दोघंही कोवळ्या ऊतींबद्दलच बोलताय. माणसाची अन्ननलिका घ्या. मध्यम वयापर्यंत निरोगी अन्ननलिकेचाही बराच भाग ‘नॉच १’ जनुकात बिघाड असलेल्या पेशींनी व्यापलेला असतो, हे २०१८ मध्ये कळलं. पण हा बिघाड अन्ननलिकेच्या कर्करोगात उलट कमी आढळतो. पुढे २०२१ मध्ये उंदरांत दिसलं, की आजूबाजूच्या बिघडलेल्या पेशीच सूक्ष्म गाठींना रेटून बाहेर काढतात. जिंकणारी पेशी सदोष, आणि तरी तिचं जिंकणं उपयोगाचं.

रानजाई
सांजवारा, हे तर माझ्याच बाजूचं झालं! गाठ हटली ती शेजारची पेशी जास्त दांडगी होती म्हणून. आपलं त्यात भलं झालं, पण ते कुणी तपासून केलेलं नाही.

डोंगरवाट, गर्भातली साफसफाई मी नाकारत नाही. मला काळजी उपचारांची आहे. बाहेरून सोडलेल्या पेशींनी मूळ पेशींना हटवून जागा घ्यावी, असे प्रयोग उंदरांच्या यकृतात झाले आहेत. जिंकल्यावर त्या थांबतात का, हे दीर्घकाळ बघितल्याशिवाय माणसावर नको.

डोंगरवाट
थांबतात की! २००४ च्याच प्रयोगात मिकवाल्या पेशींनी शेजाऱ्यांची जागा घेतली, तरी पंखाचं आकारमान नेहमीएवढंच राहिलं. हरणाऱ्या पेशींचं मरण रोखलं, तेव्हा ते बिघडलं. यकृतात सोडलेल्या पेशी तर गर्भाच्या यकृतातल्या साध्या पेशी होत्या, त्यांचं एकही जनुक बदललेलं नव्हतं.

रानजाई
पंख ठरावीक दिवसांत वाढून थांबतो. यकृत, त्वचा, अन्ननलिका यांच्या पेशी जन्मभर बदलत राहतात. पंखावरून त्यांचा अंदाज बांधायला मी तयार नाही.