त्वचा ‘नितळ’, ‘निवळलेली’ की ‘पारदर्शक’?

शाळेच्या विज्ञान मंडळासाठी टिपण लिहिते आहे. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात उंदरांच्या कातडीवर टार्ट्राझीन या पिवळ्या खाद्यरंगाचं द्रावण चोळलं. काही मिनिटांत पोटातले अवयव बाहेरून दिसू लागले आणि रंग धुतल्यावर कातडी पूर्ववत झाली. याला ‘त्वचा नितळ करणे’ म्हणावं का?

– ‘नितळ’ नको, ताई. नितळ त्वचा म्हणजे डाग-पुरळ नसलेली. ‘निवळणे’ घ्या. आमची आजी माठाला आतून निवळीचं बी घासायची, मग गढूळ पाणी ओतायची. थोड्या वेळात पाणी निवळायचं. त्या रसायनाला ‘निवळक’ म्हणता येईल.

– शब्द फार आवडला, पण इथे तो चुकीचं चित्र उभं करतो. निवळीनं गाळ तळाशी बसतो. कातडीतून काहीच निघून जात नाही. कातडीतल्या पाण्याचा अपवर्तनांक (पदार्थात शिरताना प्रकाश किती वळतो, ते सांगणारा आकडा) १.३३ आणि मेद-प्रथिनांचा १.४ च्या पुढे, म्हणून प्रकाश जागोजागी वळतो, विखुरतो. टार्ट्राझीन निळा प्रकाश जोरात शोषतं आणि त्यामुळेच ते विरघळलेल्या पाण्याचा लाल प्रकाशासाठीचा अपवर्तनांक वाढतो. फरक कमी झाला की विखुरणं कमी. भजी बांधलेला कागद आठवा: तेल लागलं की पलीकडची अक्षरं दिसतात. तंतू तिथेच असतात, मधल्या हवेची जागा तेल घेतं.

– मग पारदर्शक की पारभासक?

– तळहाताखाली टॉर्च धरा. हात लाल उजळतो, हाडं दिसत नाहीत. ही पारभासक त्वचा. उंदरांच्या डोक्यावरच्या कातडीतून मेंदूच्या रक्तवाहिन्या ओळखता आल्या, म्हणून तिथे ‘पारदर्शक’च. मात्र निळ्या प्रकाशाला ती पारदर्शक नाही. ‘लाल प्रकाशाला पारदर्शक’ असं लिहा. हा ‘ला’ गाळू नका.

– आणि ‘निवळक’ऐवजी? ‘पारदर्शक द्रव्य’?

– त्याचा अर्थ द्रव्यच पारदर्शक असा होईल. टार्ट्राझीनचं दाट द्रावण तर गडद नारिंगी-लाल असतं! ‘पारदर्शकता आणणारं द्रव्य’ लांब आहे, पण अचूक आहे. ग्लिसरीनचाही असा वापर आधीपासून होतो, त्यालाही ते लागू पडेल.

‘पारदर्शीकरण’ मुलांना जड जाईल. ‘त्वचा लाल प्रकाशाला पारदर्शक करणे’ असं लिहिते. आणि प्रयोग उंदरांवरचा आहे, खाद्यरंग अंगाला चोळून पाहू नये, हे वाक्य पहिल्याच परिच्छेदात घालते. सातवीतली मुलं वाचणार आहेत.