अठरा वर्षांच्या मुलाचं धुणं आईनं का धुवावं?

माची_सातारा
मुलगा पुण्यात इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आहे. दर दुसऱ्या शनिवारी स्वारगेटहून एसटीने घरी येतो, सोबत मळक्या कपड्यांची बॅग. जीन्समध्ये गुंडाळलेला ओला टॉवेल, उलटे मोजे. गेल्या खेपेला पांढऱ्या शर्टावर बुरशीचे काळे ठिपके पडलेले दिसले. मी बॅग त्याच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, आज तू धू. सासूबाईंना राग आला. दोन दिवसांसाठी पोर येतं, त्याला कामाला लावतेस, म्हणाल्या.

पांढरं-रंगीत वेगळं भिजवायचं असतं हेच त्याला माहीत नव्हतं. कॉलर आणि कफ आधी घासून घेतात, हे त्याने कधी पाहिलंच नव्हतं. पावडर मूठभर, कारण जितका फेस तितकी स्वच्छता असा त्याचा समज. नववीतल्या मुलीला मात्र हे सगळं येतं. तिला मी कधी शिकवायला बसले तेही आठवत नाही, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटतंय.

दहावीच्या सुट्टीत प्रत्येक मुलाला हे शिकवावं असं माझं ठाम मत झालं आहे. तुमचं काय?

भरती_ओहोटी
नाही पटलं. पहिल्या वर्षी सबमिशन, परीक्षा, नवं शहर, एवढं सगळं सांभाळताना मुलाने रविवारचे तीन तास बादलीपाशी का घालवावेत? वसतिगृहांच्या आसपास किलोवर कपडे धुऊन देणारी दुकानं आहेत. महिन्याचे पैसे बांधून द्या. मी बोटीवर नोकरीला लागलो तेव्हा मला काहीच येत नव्हतं, आठवड्यात सगळं आलं. गरज पडली की माणूस शिकतो. शिवाय धुण्या-इस्त्रीवर ज्यांची घरं चालतात त्यांचाही विचार करा. जो तो आपलं आपण धुवायला लागला तर त्यांनी काय करायचं?

रिठा
आमचं घर परटाचं, तिसरी पिढी दुकानात आहे, म्हणून लिहितो. आमचं पोट गिऱ्हाइकाच्या अज्ञानावर चालत नाही. उलट त्या अज्ञानाचा भुर्दंड आम्हीच भरतो, कारण घरी बिघडवलेला कपडा आणून लोक विचारतात, आता काढून द्या.

हळदीचंच घ्या. भाजीचा रस सांडला की लगेच साबण चोळतात, डाग लालभडक होतो आणि माणूस घाबरून आणखी घासतो. हळदीचा रंग साबणातल्या क्षाराने लाल होतो, एवढंच. धुऊन कडक उन्हात टाका, उन्हाने तो उडतो. लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात घासला की तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि तो लहान मुलाच्या मापाचा होतो. तो परत मूळ मापाला येत नाही. रेशीमही प्राणिज. त्याला रोजची पावडर चालत नाही, म्हणून जुन्या बायका रिठ्याच्या पाण्यात धुवायच्या.

आणि कॉलरमागची पट्टी कापून टाकू नका. पाण्याचा टब म्हणजे धुणं, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन म्हणजे वाळवणं. इस्त्रीच्या चित्रात एक ठिपका असेल तर ११० अंशांपर्यंत, तीन असतील तर २०० पर्यंत. मशीनचं बटण कोणीही दाबेल, पण कुठलं बटण ते ही पट्टी सांगते.

भरती_ओहोटी
डागांचं पटलं. पण हे पैठणी नेसणाऱ्या घराचं ज्ञान झालं. आजची मुलं टी-शर्ट आणि ट्रॅकपँटवर चार वर्षं काढतात. त्यांना रेशीम कुठे भेटतं?

रेक्टर_ताई
मी मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर आहे. मुलींना हे आपसूक येतं हा समज आधी सोडा. पाळीचे डाग गरम पाण्यात भिजवणाऱ्या कितीतरी मुली दरवर्षी येतात. रक्तातली प्रथिनं उष्णतेने धाग्यात घट्ट बसतात, म्हणून आधी गार पाणी. ही साधी गोष्ट घरी कोणी मोठ्याने बोललेलं नसतं. पावसाळ्यात पंख्याखाली एकावर एक टाकलेले कपडे दोन दिवस ओले राहतात, त्यात जंतू वाढतात आणि कुबट वास येतो. मग तो वास घालवायला सुगंधी द्रव ओततात. खरं तर दोन कपड्यांमध्ये वारं जाईल एवढी जागा सोडली तरी बराच फरक पडतो.

भरती_ओहोटी, गरज पडली की शिकतात हे मला भीतीचं वाटतं. आमच्याकडे एका मुलीने डाग जावा म्हणून ब्लीचच्या बादलीत संडास धुवायचं ॲसिड ओतलं. त्यातून क्लोरीन वायू निघतो. सुदैवाने दार उघडं होतं. हे अनुभवातून शिकायचं ज्ञान नाही.

भरती_ओहोटी
हे मला माहीत नव्हतं. तेवढं मी आज दोन्ही मुलांना सांगेन. बाकी अभ्यासाच्या दिवसांत धुणं बाहेरच द्यावं, या मतावर मी कायम आहे.

माची_सातारा
बाहेर द्यायला माझी हरकत नाही. पण बाहेर देतानाही ओला टॉवेल बॅगेत कोंबायचा नसतो, खिसे तपासायचे असतात, निघालेलं बटण आधी लावायचं असतं. आणि ते काम पोरीकडे जाता कामा नये, एवढं मी घरात सांगून टाकलं आहे.

रिठा, त्या शर्टावरची बुरशी जाईल का? शर्ट पूर्ण सुती आहे.

रिठा
पट्टीवरचा त्रिकोण पाहा. फुली नसेल तरच पुढे जा. आधी बुरशी कोरड्या ब्रशने झटका, घरात नको, गच्चीत. मग बाटलीवर लिहिलंय तेवढंच ब्लीच गार पाण्यात घालून थोडा वेळ भिजवा, दोन-तीन पाण्यांतून खळबळून काढा आणि उन्हात वाळवा. ठिपके जुने असतील तर फिकट डाग राहील. हातमोजे घाला आणि दुसरं काहीही त्या बादलीत टाकू नका. मुलगा शनिवारी येईपर्यंत थांबा, त्याच्या हातूनच होऊ दे.