मदत हवी आहे: एकट्याने वाजवताना टेम्पो कसा ठरवता?

मंडळी, यामाहा पीएसआर-एसएक्स 900 या कीबोर्डवर मी एकटाच गातो आणि वाजवतो. घरी रियाजाला केहरवा ताल 96 वर (मिनिटाला 96 ठोके) छान बसतो, रजिस्ट्रेशनमध्ये (आवाज, ताल, टेम्पो एका बटणावर साठवायची सोय) तोच साठवलाय. मंडपात लोक समोर आले की तोच 96 रेंगाळल्यासारखा वाटतो. परवा 104 केला आणि दुसऱ्या अंतऱ्यात श्वासच पुरेना. शेवटचा शब्द अर्धवट गिळला. फार वाईट वाटलं.

सुरुवातीला टॅप टेम्पोने (बटण ज्या वेगाने दाबाल तो टेम्पो) चार ठोके देता येतात, पण चालू गाण्यात डावा हात कॉर्डवर, उजवा सुरावटीवर. शिवाय पुढचं रजिस्ट्रेशन दाबलं की टेम्पो परत 96! साठवताना टेम्पोसमोरची खूणच काढून टाकावी का, म्हणजे तो साठवलाच जाणार नाही? टॅप टेम्पो पेडलला लावून कोणी वाजवतं का? पाय चुकून पडत नाही ना? शनिवारी कार्यक्रम आहे, कृपया अनुभव सांगा.