स्पर्धेतून जाहिरात विकत घेणं: संधी की फुकटची राबणूक? (टोपणनावांनी झालेली चर्चा)

काटछाट: ब्रँड स्पर्धेचं ब्रीफ (जाहिरात कशी हवी याची सूचना) टाकतात, "३० सेकंदांची फिल्म करून पाठवा, आवडली तर विकत घेऊ." जिथे पूर्ण तयार फिल्म मागतात तिथे स्वतंत्र फिल्मवाल्याने जाऊच नये, असं माझं मत. समजा बक्षीस ५ लाख, प्रवेशिका ६०. एका दिवसाचं शूट, भाड्याचा कॅमेरा, साउंडवाला, दोन नट, जेवणखाण, एडिट धरून प्रत्येकी ४० हजार. साठ जणांचे मिळून २४ लाख गेले, परत आले ५. म्हणजे सरासरी प्रत्येकी ८,३३३ रुपये परत. हरलेल्या ५९ फिल्म दुसरीकडे विकताही येत नाहीत, शेवटच्या फ्रेममध्ये त्याच ब्रँडचा पुडा आहे ना!

रात्रपाळी: असहमत. डोरिटोस चिप्सची २००९ची, सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात दाखवलेली जाहिरात आठवा. ऑफिसात एक जण काचेच्या गोळ्यात बघून विचारतो, आज फुकट डोरिटोस मिळणार का? आणि तोच गोळा व्हेंडिंग मशीनवर भिरकावतो. खर्च सुमारे २,००० डॉलर. यूएसए टुडे या वृत्तपत्राच्या अ‍ॅड मीटरवर, म्हणजे प्रेक्षकांच्या पसंतीच्या क्रमवारीत, ती पहिली आली आणि करणाऱ्या दोन भावांना १० लाख डॉलर मिळाले. कुठल्या जाहिरात एजन्सीने त्यांना दारात तरी उभं केलं असतं?

काटछाट: ते १० लाख पहिला नंबर आला तरच मिळणार होते, ही अट विसरू नका. शिवाय तेव्हा सुपर बोलमधल्या ३० सेकंदांच्या जागेचाच भाव ३० लाख डॉलरच्या आसपास होता. त्यापुढे बक्षीस म्हणजे प्रसिद्धीचा खर्च. एका विजेत्याकडे बोट दाखवून लॉटरीही चांगला धंदा ठरवता येतो.

पॅकशॉट: ब्रँडच्या बाजूनेही बघा. आलेल्या बऱ्याच प्रवेशिका कथेमुळे नाही, परवानग्या आणि बारीक तपशिलांमुळे बाद होतात. मागे टीव्हीवर गाणं चालू, नटाच्या टीशर्टवर दुसऱ्या कंपनीचा लोगो, घरमालकाची परवानगी नाही, पुडा जुन्या डिझाइनचा. सगळ्यात जास्त जीव जातो तो मास्टर फाइलवर, म्हणजे फिल्मच्या मूळ अंतिम प्रतीवर. अक्षरं चित्रातच भाजलेली आणि संगीत संवादात मिसळलेलं असेल तर तमिळ आवृत्ती करायची कशी? अक्षरांशिवायची प्रत, संवाद, संगीत, इफेक्ट्स असे तीन वेगळे ट्रॅक आणि सगळ्या नटांच्या सह्या, एवढं नसेल तर जिंकलेली फिल्मही पडून राहते. आणि धोका एकट्या फिल्मवाल्याचा नाही. २००६ मध्ये शेवरोलेने टाहो या मोठ्या एसयूव्ही गाडीची जाहिरात लोकांना ऑनलाइन जुळवू दिली, तर लोकांनी जागतिक तापमानवाढीवरून त्याच गाडीला धुतलं.

कलमवाला: पैशांआधी हक्क बघा. प्रताधिकार (कॉपीराइट) कायद्यात (१९५७) कुणी पैसे देऊन फिल्म करवून घेतली तर, वेगळा करार नसल्यास, पहिला मालक तो पैसे देणारा. स्पर्धेत ऑर्डर कुणीच दिलेली नसते, म्हणून मालकी निर्मात्याकडे, म्हणजे तुमच्याकडे. हस्तांतरण लेखी आणि सहीचं लागतं (कलम १९). मुदत लिहिली नसेल तर ५ वर्षं, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. म्हणून तर नियमावलीत "कायमस्वरूपी, जगभर, सर्व माध्यमांत" हे शब्द ठासून भरलेले असतात. 'मान्य आहे'वर टिक केली म्हणजे सही झाली का, यावर भांडता येतं; पण ४० हजारांच्या फिल्मसाठी कोर्टात कोण जाणार?

रात्रपाळी: मग टप्प्यांची पद्धत घ्या. टॉन्गलसारख्या, फिल्मवाल्यांकडून जाहिराती करून घेणाऱ्या वेबसाइटवर आधी चार ओळींची कल्पना, मग पिच (फिल्म कशी करणार याची मांडणी) आणि निवड झाल्यावरच शूटचे पैसे, अशी पद्धत असायची. हरलात तर एक संध्याकाळ गेली, ४० हजार नाही.

कलमवाला: पण कल्पनेवर प्रताधिकार नसतो, तो मांडणीवर असतो. चार ओळी नाकारल्या आणि सहा महिन्यांनी तसलीच जाहिरात दिसली, तर तुमच्या हातात काय? तयार फिल्म उचलली तर निदान फ्रेमला फ्रेम लावून दाखवता येते.

काटछाट: हे खरं. तरी टप्प्यांची पद्धत मला चालेल, मात्र पिचला मानधन हवं आणि न निवडलेल्या कामाचे हक्क परत, असं नियमावलीतच हवं.

पॅकशॉट: हक्क परत देण्याला हरकत नाही. पिचला मानधन म्हणाल तर ६० जणांना शक्य नाही, शेवटच्या पाचांना जमेल. आणि मग नियम कडक होणार: पुड्याचा शॉट अडीच सेकंद, एकूण ३० म्हणजे ३०, ३१ नाही.

रात्रपाळी: म्हणजे एजन्सीच झाली की, फक्त पगार नसलेली!