मदत हवी आहे : प्रबंध आणि शोधनिबंध नेमकेपणाने कसे शोधावेत?

नमस्कार. घरी एक आणि शाळेत दुसरी भाषा वापरणाऱ्या मुलांच्या वाचनक्षमतेवर मी पीएचडीसाठी काम करत असून, पूर्वसंशोधनाच्या आढाव्यासाठी गूगल स्कॉलर, एरिक (शिक्षणविषयक लेखनाची सूची) आणि जेस्टोर (शोधनियतकालिकांचा संग्रह) येथे शोध घेत आहे. मुख्य अडचण शब्दांची आहे. या मुलांना कोणी ‘बायलिंग्वल’, कोणी ‘सेकंड लँग्वेज लर्नर’, तर कोणी ‘इंग्लिश लर्नर’ म्हणतात. त्यामुळे एकाच शब्दावर विसंबले की महत्त्वाचे लेखन निसटते. एरिकमध्ये विषयसंज्ञांचा, म्हणजे प्रत्येक विषयासाठी ठरवून दिलेल्या शब्दांचा, स्वतंत्र कोश असल्याने तिथे नेमकेपणा साधतो, आणि त्या कोशाने माझे बरेच श्रम खरोखरच वाचवले आहेत. गूगल स्कॉलरमध्ये मात्र तशी सोय नाही, शिवाय कोणत्याही शोधाचे पहिले १००० निकालच पाहता येतात. तिथे ‘ऑर’ (OR, म्हणजे ‘किंवा’) आणि अवतरणचिन्हे वापरून शब्दांची जुळणी कशी करावी, हे कृपया कोणी उदाहरणासह सांगेल का?

प्रबंधांचा प्रश्न अधिक बिकट आहे. प्रोक्वेस्टचा प्रबंधसंग्रह मला उपलब्ध नाही. ओएटीडी या संकेतस्थळावर सर्वांना मोफत वाचता येणारे प्रबंध सापडतात, पण त्याच संशोधनावर पुढे शोधनिबंध प्रसिद्ध झाला का, हे लेखकाच्या नावाने पाहताना नामसाधर्म्यामुळे गोंधळ होतो. ऑर्किड क्रमांक (संशोधकाचा स्वतंत्र ओळखक्रमांक) असल्यास तो टळतो. परंतु ही व्यवस्था २०१२ मध्ये सुरू झाली, आणि मला हवे असलेले बरेच प्रबंध त्याआधीचे आहेत. अशा जुन्या प्रबंधांचा पुढील माग आपण कसा काढता?